जाळरेषेपलीकडची आग

सेप्टिक हा शब्द साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत नवा नाही. विळा लागला, गंजका खिळा पायात गेला की कुणीतरी म्हणतेच, "हळद दाब, नायतर सेप्टिक व्हईल." दुसरीकडे, निधनवार्तेतले 'उपचारादरम्यान एकेक अवयव निकामी होत गेला' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचले आहे की त्यापाशी आता थबकतही नाही. पायातला खिळा आणि निकामी झालेले मूत्रपिंड यांना जोडणारी वाट मात्र आपल्या ओळखीची नसते. त्या वाटेचे नाव सेप्सिस. ती कुठून सुरू होते, कुठे वळते आणि कोणत्या वळणापर्यंत माणसाला मागे आणता येते, हे मराठीत सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

काही वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत कोयनेच्या पाण्यापलीकडून, कांदाटी खोऱ्यातून, पन्नाशीच्या एक बाई महाबळेश्वरात तपासायला आल्या. आधी लाँचने तापोळा, मग जीपने घाट. पायाला चिखलात काहीतरी लागले होते, तीन दिवस ताप होता. घरच्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसत होती, कारण सकाळी ताप उतरला होता. पण हातपाय गार होते, गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती आणि श्वास धावून आल्यासारखा चालला होता. रात्रीपासून लघवी नव्हती. बरोबरची सून म्हणाली, "आत्याबाई सकाळपासनं भलतंच बोलत्यात. ह्या अशा न्हाईत." मी त्यांच्या बोटाचे टोक दहा सेकंद दाबून धरले आणि सोडले. तीन सेकंदांत परतायला हवी ती लाली सहा-सात सेकंद झाले तरी परतेना. ताप उतरला नव्हता, शरीर हरायला लागले होते. सलाइन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच सुरू केला आणि त्यांना साताऱ्याला अतिदक्षता विभागात पाठवले. त्यांचे पुढे काय झाले ते ओघात येईलच. या विषयातले बहुतेक सारे त्या एका पायात, त्या बोटात आणि सुनेच्या त्या वाक्यात होते.

सेप्सिसची आज मान्य असलेली व्याख्या २०१६ सालची आहे. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडतो आणि त्यातून जीव धोक्यात येईल इतके अवयव बिघडतात, तेव्हा तो सेप्सिस. या व्याख्येत जंतू आहे, पण कर्ता शरीर आहे. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात गेले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक. भारताच्या वाट्याचे मृत्यू त्यात सुमारे २९ लाख. इतका मोठा आजार आपल्या बोलण्यात नाही, याचे कारण तो नेहमी दुसऱ्याच नावाने वावरतो: न्यूमोनिया, बाळंतपणातला ताप, लघवीचा संसर्ग, फुटलेले अपेंडिक्स, मधुमेहातले पायाचे गळू, लेप्टो, स्क्रब टायफस. दारे वेगवेगळी, आतले घर एकच.

या घराचा शोध कसा लागत गेला, हे नवख्या वाचकाला आधी माहीत हवे. 'सेप्सिस' हा ग्रीक शब्द, अर्थ सडणे. प्राचीन वैद्यांना सडणे दिसत होते, सडवणारा दिसत नव्हता. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. पाश्चर आणि कॉख यांनी जंतू दाखवले, लिस्टर यांनी शस्त्रक्रियेतून त्यांना हुसकले. ती शिस्त आपल्या भागातही लवकर पोहोचली. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले आणि मिरज हे शस्त्रक्रियेसाठी लांबून माणसे येण्याचे गाव झाले. पण त्याच दशकात प्लेग आला. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला. जंतू ओळखता येत होता, पण तो रक्तात उतरल्यावर हातात औषध नव्हते. अँटिबायोटिक यायला आणखी जवळजवळ अर्धे शतक जायचे होते.

ही पहिली परंपरा जंतूकडे बघणारी. तिने कोट्यवधी जीव वाचवले आणि आजही तिच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण अँटिबायोटिक हाती आल्यावर एक कोडे पुढे आले. रक्तातले जंतू मेले तरी काही रुग्ण मरतच होते. १९७२ मध्ये अमेरिकी वैद्यक-निबंधकार लुइस थॉमस यांनी मांडले की जंतूंशी लढण्याचा आपला शस्त्रसाठा इतका जबरदस्त आहे की जंतूंपेक्षा त्याचाच धोका अधिक. दुसरी परंपरा इथून सुरू झाली, शरीराच्या प्रतिसादाकडे बघणारी. १९८५ मध्ये ब्रूस ब्यूटलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दाह भडकवणाऱ्या 'टीएनएफ' या रेणूला आधीच अडवले, तर जंतूंच्या विषाने मरणारे उंदीर वाचतात. आशा उंचावली. पुढच्या दशकात माणसांवर एकामागून एक चाचण्या झाल्या आणि एकामागून एक फसल्या. २००१ मध्ये मान्यता मिळालेले, सेप्सिससाठीचे म्हणून गाजलेले एक महागडे औषध उत्पादकांनी २०११ मध्ये स्वतःच मागे घेतले, कारण नव्या चाचणीत त्याचा फायदा दिसेना.

तिसरी परंपरा आणखी आत शिरली: पेशीत, प्राणवायूपर्यंत. या पुस्तकाचा गाभा तिथे आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

महाबळेश्वरच्या रानात थंडी सरता सरता वनखात्याची माणसे जाळरेषा काढताना दिसतात. वाळलेल्या गवताचा एक पट्टा आपणच, नजरेखाली जाळायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर तिथे त्याला खायला काही उरत नाही. शरीरही हेच करते. पांढरी पेशी जंतूला गिळते, त्याच्याभोवती एक बंद कप्पा करते आणि एका खास विकराच्या मदतीने प्राणवायूला एक जादा इलेक्ट्रॉन देते. त्यातून सुपरऑक्साइड तयार होते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्यातून क्लोराइडच्या मदतीने हायपोक्लोरस आम्ल. हे शेवटचे नाव अवघड वाटेल, पण वस्तू गावोगावी ओळखीची आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते, तेव्हा पाण्यात हेच आम्ल जंतू मारते. सेमेलवाइस यांच्या हात धुण्याच्या पाण्यातही तेच होते. त्यांनी घमेल्यात कालवले ते शरीर लाखो वर्षे पेशीच्या पोटात कालवत आले आहे. काही मुले हा विकर नीट नसतानाच जन्मतात. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण जाळू शकत नाहीत, आणि ती मुले वारंवार गंभीर संसर्गांनी आजारी पडतात. ही आग आपल्याला हवीच असते.

आग कह्यात ठेवण्याची सोयही शरीराने केली आहे. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड विझवणारा विकर शोधला. ग्लुटाथायोन, कॅटालेज, क, ई ही जीवनसत्त्वे असा पाणक्यांचा ताफा प्रत्येक पेशीत उभा असतो. आग आणि पाणी यांचा हा तोल आगीच्या बाजूला कलला की त्याला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. ही संज्ञा जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये रूढ केली.

सेप्सिसमध्ये वारा फिरतो आणि जाळरेषेची आग पट्टा ओलांडून रानात शिरते. पांढऱ्या पेशी एका जखमेपुरत्या न राहता फुप्फुसांत, मूत्रपिंडांत, यकृतात जाऊन पेटतात. दुसरीकडे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत नायट्रिक ऑक्साइड भरमसाट तयार होते. एरवी हा वायू रक्तवाहिनी सैल ठेवणारा मित्र. तो मोकाट सुटला की वाहिन्या ढिल्या पडतात, रक्तदाब कोसळतो. त्याची सुपरऑक्साइडशी गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट जन्मते, हे जोसेफ बेकमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पुढे आणले. हा रेणू चरबीचे पापुद्रे, प्रथिने, जनुकांचे धागे, समोर येईल ते पोळतो. केशवाहिन्यांना आतून असलेले नाजूक अस्तर सोलवटते, पाणी बाहेर झिरपते. फुप्फुसात ते साचले की माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

सर्वांत खोल घाव तंतुकणिकांवर बसतो. पेशीची चूल म्हणजे तंतुकणिका. प्राणवायू वापरून ऊर्जा तिथे शिजते. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सेप्सिसच्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. आजार जितका गंभीर, तितके तंतुकणिकांचे काम मंदावलेले आणि ग्लुटाथायोन आटलेले आढळले. जे पुढे दगावले त्यांच्या स्नायूंत ऊर्जेचा साठाही कमी होता. प्राणवायू दारात पोहोचतो, पण चूल विझलेली, म्हणून नुसता प्राणवायू वाढवून भागत नाही.

आणि इथेच या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट येते. सेप्सिसने गेलेल्यांची मूत्रपिंडे आणि हृदये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा फार थोड्या दिसतात. अवयव बंद पडलेला असतो, पण त्याच्या पेशी बव्हंशी जिवंत असतात. काही अभ्यासक म्हणतात, ही एक प्रकारची शीतनिद्रा असावी. ऊर्जा तुटपुंजी आहे हे ओळखून पेशी काम थांबवते आणि जीव राखते. हा विचार अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण त्याचा पुरावा आम्ही खाटेवर पाहतो. कांदाटीच्या त्या बाईंची मूत्रपिंडे पूर्ण बंद पडली. डायलिसिस करावे लागले. दोन आठवड्यांनी एका सकाळी पिशवीत थोडी लघवी दिसली, दुसऱ्या दिवशी आणखी. महिन्याभराने त्या स्वतःच्या पायांनी घाट चढून दाखवायला आल्या. जळून खाक झालेले रान असे परत येत नाही. ते झोपले होते.

आगीचे हे चित्र पाहिल्यावर कुणालाही वाटेल, मग पाणी ओता. अँटिऑक्सिडंट द्या. जगानेही तेच केले. २०१३ मध्ये १,२२३ अत्यवस्थ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत सेलेनियम, जस्त, जीवनसत्त्वे यांच्या मिश्रणाने फायदा झाला नाही, आणि ग्लुटामिन दिलेल्यांत तर मृत्यू वाढले. २०१७ मध्ये क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाची लाट आली. एका लहान अभ्यासातले आकडे इतके चांगले होते की जगभर सलाइनमधून ते दिले जाऊ लागले. २०२२ च्या 'लोव्हिट' चाचणीत ८७२ रुग्ण घेतले होते. २८ व्या दिवसापर्यंत मृत्यू किंवा अवयव बंदच राहणे, हे क जीवनसत्त्व दिलेल्यांत ४४.५ टक्के आणि न दिलेल्यांत ३८.५ टक्के होते. ज्यावर आशा होती त्याने नुकसान केले.

असे का व्हावे, यावर या पुस्तकाने मन लावून विचार केला आहे. थोडक्यात एवढेच सांगतो. हे रेणू जाळतात तसेच पेशींमध्ये निरोपही पोहोचवतात. सगळी आग विझवली तर जंतूविरुद्धची आगही विझते. शिवाय सलाइनमधून दिलेले पाणी तंतुकणिकेच्या चुलीपर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि बहुतेक वेळा ते वणवा डोंगर चढून गेल्यावर ओतलेले असते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी क जीवनसत्त्वाने समृद्ध आहे, जरूर खावी. तिच्यावर किंवा दुकानातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांवर सेप्सिसची जबाबदारी टाकू नये.

चौथी परंपरा घड्याळाची. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी २००१ मध्ये पहिल्या सहा तासांतल्या शिस्तबद्ध उपचारांनी मृत्यू घटल्याचे दाखवले. त्यांची अवघड पद्धत पुढच्या तीन मोठ्या चाचण्यांत वेगळी उठून दिसली नाही, पण लवकर ओळखा आणि लवकर सुरू करा, हा धडा टिकला. २००६ च्या एका अभ्यासात रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य अँटिबायोटिकला झालेल्या प्रत्येक तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. आणि २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत झालेल्या चाचणीत, बोट दाबून लाली परतण्याचा वेळ मोजत केलेले उपचार रक्तातले लॅक्टेट मोजत केलेल्या उपचारांच्या मागे पडले नाहीत. ज्या दवाखान्यात प्रयोगशाळा नाही, तिथल्या डॉक्टरला या निष्कर्षाने किती बळ दिले, ते मी शब्दांत सांगू शकणार नाही.

घड्याळाच्या या परंपरेचा सर्वांत मोठा धडा मात्र महाराष्ट्राने जगाला दिला, तोही अतिदक्षता विभागाबाहेर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या सेप्सिसवर घरातच उपचार करायचे ठरवले. गावातल्याच थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळ चोखायचे कमी झाले का, रडणे क्षीण झाले का, हातपाय लुळे पडले का, अंग गार लागते का, हे त्या बघत आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे, सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. पुढे नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचे हे काम देशभरातल्या आशाताईंकडे गेले. तंतुकणिकेचे नाव न घेता त्या आरोग्यदूतांनी तंतुकणिका वाचवल्या, कारण आग पट्ट्यात असतानाच त्या तिथे पोहोचल्या.

हे सगळे आजच का सांगायचे? मे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसला जागतिक आरोग्याचा अग्रक्रमाचा प्रश्न मानणारा ठराव केला. पाठोपाठ कोविड आला. साताऱ्या-सांगलीच्या कितीतरी घरांनी पहिल्यांदाच ऑक्सिमीटर हातात धरला, आणि विषाणूने सुरू केलेला दाह शरीर स्वतःच कसा वाढवत नेते ते आपल्या माणसांत पाहिले. आता मधुमेह गावागावांत आहे, म्हातारी माणसे वाढली आहेत, कर्करोगाचे उपचार घेऊन जगणारे वाढले आहेत. या साऱ्यांत सेप्सिसचा धोका अधिक. त्याच वेळी सर्दीलाही अँटिबायोटिक खाण्याच्या सवयीने जंतू निगरगट्ट झाले आहेत. पहिल्या परंपरेचे हत्यार बोथट होत असताना बाकीच्या परंपरांची समज वाढवणे हाच मार्ग उरतो.

या पुस्तकाने म्हणून दोन टोके एकत्र बांधायचा प्रयत्न केला आहे. एका टोकाला रेणू आहेत आणि त्यांच्याबद्दल ते काहीही सोपे करून खोटे सांगत नाही. दुसऱ्या टोकाला घर, एसटी, लाँच, घाट आणि तालुक्याचे रुग्णालय आहे. एकीकडचे ज्ञान दुसरीकडे कामाला यावे, हा लेखनाचा हेतू. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला यात विषयाचा नकाशा मिळेल, परिचारिकेला आणि आशाताईला आपण काय बघतो याचे कारण मिळेल, आणि सामान्य वाचकाला कधी थांबायचे नाही ते कळेल. नव्या चमत्कारी औषधाचे आश्वासन मात्र इथे कुणालाही मिळणार नाही.

भाषेबद्दल एक शब्द. इथून घाट उतरून गेले की वाई लागते. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. कोणतेही ज्ञान मराठीत मांडता येते, हा विश्वास या परिसराने आम्हाला दिला आहे. या पुस्तकात तंतुकणिका आहे आणि सेप्सिसही आहे. जो शब्द माणसाच्या तोंडी बसेल तो घेतला आहे, कारण हा आजार वेळेत ओळखायचा तर त्याचे नाव आधी जिभेवर यावे लागते.

घाट चढून दाखवायला आलेल्या त्या बाईंबरोबर त्यांची सूनही होती. लोक डॉक्टरांचे आभार मानत होते आणि ती कोपऱ्यात उभी होती. ताप उतरला म्हणून घर निवांत झाले होते, तेव्हा 'ह्या अशा न्हाईत' हे तिच्या लक्षात आले होते आणि लाँच सुटायच्या आत तिने सासूला त्यात बसवले होते. सेप्सिसचे पहिले निदान तिने केले होते. फक्त त्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हते. हे पुस्तक तिच्या हाती पोहोचावे, एवढीच माझी इच्छा आहे.

महाबळेश्वर